डेटाबेसमधील नोंदींची सीएसव्ही फाइलमध्ये निर्यात : पीएचपी भाषेचा वापर आणि महाविद्यालयीन अभिलेखांची अचूकता

सारांश

महाविद्यालयातील प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय व शिष्यवृत्तीविषयक नोंदी आज संगणकीय डेटाबेसमध्ये साठविल्या जातात. या नोंदी विद्यापीठ, शासन किंवा मूल्यमापन संस्थेकडे पाठविताना त्यांचे रूपांतर बहुधा स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकूर-फाइलमध्ये, म्हणजेच सीएसव्ही फाइलमध्ये केले जाते. हे काम वरकरणी यांत्रिक वाटते. तथापि सीएसव्ही फाइल केवळ मूल्ये वाहून नेते, त्या मूल्यांचा अर्थ वाहून नेत नाही. त्यामुळे मराठी नावे बिघडणे, क्रमांकातील अंक बदलणे, अनुपस्थिती आणि शून्य गुण यांतील भेद पुसला जाणे असे दोष निर्माण होतात. पीएचपी या वेब स्क्रिप्ट भाषेच्या साहाय्याने निर्यात कशी करावी आणि हे दोष कसे टाळावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : डेटाबेस, सीएसव्ही, पीएचपी, मायएसक्यूएल, युनिकोड, अभिलेख, पडताळणी.

१. प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठाची स्थापना झाली आणि एका जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेले विद्यापीठ म्हणून ते ओळखले जाऊ लागले. २०१९ मध्ये या विद्यापीठाचे ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ असे नामांतर झाले. संस्थेचे नाव बदलले, संलग्नता बदलली, संगणकप्रणाली बदलली, तरी विद्यार्थ्याची नोंद मात्र तीच राहिली पाहिजे. वीस वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी गुणपत्रकाची दुसरी प्रत मागण्यास येतो, तेव्हा ही गोष्ट प्रकर्षाने जाणवते.

दरम्यानच्या काळात महाविद्यालयांकडून मागविल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाणही वाढले. २०१०-११ पासून उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण सुरू झाले. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने २०१७ मध्ये आणलेल्या सुधारित पद्धतीत संख्यात्मक निकषांसाठी ठरावीक नमुन्यातील तक्ते भरून देणे आवश्यक झाले. शिष्यवृत्तीचे अर्जही संगणकीय मार्गाने जाऊ लागले. या सर्व व्यवहारांत महाविद्यालयाच्या डेटाबेसमधील नोंद एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यावी लागते आणि त्यासाठी सर्वांत सोपे व सर्वत्र चालणारे वाहन म्हणजे सीएसव्ही फाइल होय.

हे काम संगणकशास्त्र विभागापुरते मर्यादित नाही. परीक्षा विभागाचे प्रमुख, ग्रंथपाल, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक आणि शिष्यवृत्ती समितीचे सदस्य असलेले प्राध्यापक या फाइली तयार करवून घेतात व त्यांवर स्वाक्षरी करतात. म्हणूनच त्यामागील तत्त्व सर्व विद्याशाखांच्या प्राध्यापकांनी समजून घेणे इष्ट ठरते.

२. लेखाची उद्दिष्टे

१) सीएसव्ही फाइलचे स्वरूप व नियम स्पष्ट करणे.
२) पीएचपी भाषेद्वारे नोंदी निर्यात करण्याची प्रक्रिया समजावून देणे.
३) मराठी मजकूर, दीर्घ क्रमांक, दिनांक व रिक्त मूल्ये यांबाबत उद्भवणाऱ्या दोषांची कारणमीमांसा करणे.
४) फाइल पाठविण्यापूर्वी करावयाच्या पडताळणीची पद्धत सुचविणे.

३. सीएसव्ही फाइलचे स्वरूप

सीएसव्ही फाइल ही साधी मजकूर-फाइल असते. डेटाबेसमधील एक नोंद म्हणजे फाइलमधील एक ओळ आणि त्या ओळीतील प्रत्येक मूल्य स्वल्पविरामाने वेगळे केलेले, एवढाच तिचा मूळ नियम आहे. पहिल्या ओळीत बहुधा स्तंभांची नावे दिली जातात. हा प्रकार दीर्घकाळ केवळ प्रघातावर चालत आला. ऑक्टोबर २००५ मध्ये ‘आरएफसी ४१८०’ या दस्तऐवजाने त्याचे प्रचलित नियम एकत्र नोंदविले.

यातील कळीचा प्रश्न असा की, मूल्यातच स्वल्पविराम असेल तर काय करावे? सोलापुरातील कोणताही पत्ता घेतला तरी हा प्रश्न उभा राहतो. ‘घर क्र. १२, साखर पेठ, सोलापूर’ या एका पत्त्यात दोन स्वल्पविराम आहेत. तो तसाच लिहिला तर एका स्तंभाचे तीन स्तंभ होतात आणि पुढील सर्व मूल्ये उजवीकडे सरकतात. दूरध्वनीच्या जागी पेठेचे नाव आणि जन्मदिनांकाच्या जागी गावाचे नाव येते. लक्षांश पद्धतीने लिहिलेली ‘१,२५,०००’ ही उत्पन्नाची रक्कमही असाच घोटाळा करते.

यावरील उपाय म्हणजे असे मूल्य दुहेरी अवतरणचिन्हांत बंदिस्त करणे. मूल्यातच दुहेरी अवतरणचिन्ह असल्यास ते दोनदा लिहावयाचे असते. एका कल्पित नोंदीची ओळ पुढीलप्रमाणे दिसेल :

००४७,"घर क्र. १२, साखर पेठ, सोलापूर",०२१७,२००५-०६-१५

मुद्रणाच्या सोयीसाठी येथे देवनागरी अंक वापरले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये क्रमांक व दिनांक आंतरराष्ट्रीय अंकांत असावेत, कारण अनेक प्रणाली देवनागरी अंकांना संख्या न मानता मजकूर मानतात.

अवतरणचिन्हांच्या आत ओळही मोडू शकते. अर्जातील पत्त्याच्या चौकटीत विद्यार्थ्याने एंटर कळ दाबली असेल, तर एकच नोंद फाइलमध्ये दोन-तीन ओळींत पसरते. हे नियमबाह्य नाही. मात्र फाइलमधील ओळी मोजून नोंदींची संख्या ठरविणारा यामुळे फसतो.

४. पीएचपीद्वारे निर्यातीची प्रक्रिया

रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ मध्ये जाहीर केलेली पीएचपी ही भाषा सर्व्हरवर चालते. ब्राउझरकडून मागणी आल्यावर ती डेटाबेसमधून माहिती काढते आणि उत्तर तयार करून पाठविते. हे उत्तर नेहमी वेबपानच असले पाहिजे असे नाही, ते फाइलही असू शकते. निर्यातीचे संपूर्ण तत्त्व याच वस्तुस्थितीवर उभे आहे.

प्रक्रियेचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला टप्पा अधिकाराच्या तपासणीचा. मागणी करणारी व्यक्ती प्रणालीत प्रविष्ट झालेली आहे काय आणि तिला या नोंदी पाहण्याचा अधिकार आहे काय, हे प्रथम पाहावे. निर्यातीचा दुवा केवळ पडद्यावर न दाखविणे पुरेसे नसते. पत्ता माहीत असलेली कोणतीही व्यक्ती तो थेट टंकित करू शकते.

दुसरा टप्पा डेटाबेसशी जोडणीचा. मायएसक्यूएल डेटाबेससाठी पीडीओ अथवा मायएसक्यूएलआय ही माध्यमे उपलब्ध आहेत. जुन्या पुस्तकांत आढळणारी मूळ मायएसक्यूएल फलने २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकण्यात आली, म्हणून त्या काळातील आज्ञावली आज चालत नाहीत. जोडणी करतानाच अक्षरसंच ‘यूटीएफ८एमबी४’ असा स्पष्टपणे सांगणे अत्यावश्यक आहे. त्याचे कारण पुढील विभागात येईल.

तिसरा टप्पा नोंदी निवडण्याचा. सर्व स्तंभ सरसकट मागविण्याऐवजी आवश्यक स्तंभांची नावे क्रमाने लिहावीत. उद्या तक्त्यात नवा स्तंभ जोडला गेला तरी निर्यातीचे स्वरूप बदलत नाही आणि नको असलेली खासगी माहिती फाइलमध्ये जात नाही. वर्ष किंवा वर्ग यांसारखी अट वापरकर्त्याकडून येत असेल, तर ती आज्ञेत थेट न जोडता पूर्वसिद्ध आज्ञेच्या मार्गाने द्यावी. नोंदींचा क्रमही आज्ञेतच सांगावा, अन्यथा दोन वेळा काढलेल्या फाइलींची तुलना करता येत नाही.

चौथा टप्पा शीर्षसूचनांचा. येणारा मजकूर सीएसव्ही प्रकारचा आहे आणि तो पानावर न दाखविता अमुक नावाने जतन करावयाचा आहे, अशा दोन सूचना ब्राउझरला द्याव्या लागतात. या सूचना कोणताही मजकूर बाहेर पडण्यापूर्वीच गेल्या पाहिजेत. आज्ञावलीच्या आरंभखुणेपूर्वी एखादी रिकामी ओळ राहिली तरी शीर्षसूचना अडू शकतात किंवा ती ओळ फाइलच्या माथी येऊन बसते. नवशिक्या विद्यार्थ्यांचा बराच वेळ हा न दिसणारा दोष शोधण्यात जातो.

पाचवा टप्पा प्रत्यक्ष लेखनाचा. पीएचपी ५.१ पासून ‘एफपुटसीएसव्ही’ हे तयार फलन उपलब्ध आहे. बाहेर जाणारा प्रवाह फाइलप्रमाणे उघडावा, प्रथम स्तंभांच्या नावांची ओळ लिहावी आणि मग डेटाबेसमधून एकेक नोंद घेऊन ती या फलनाकडे सोपवावी. स्वल्पविराम, अवतरणचिन्हे व ओळ मोडणे यांची काळजी हे फलन घेते. मूल्ये स्वतः स्वल्पविरामाने जोडण्याचा मोह टाळावा, कारण पहिल्याच पत्त्याशी तो उपाय निकामी होतो.

या फलनाची एक खोच मात्र ध्यानात ठेवावी. मूल्यात दुहेरी अवतरणचिन्हापूर्वी उलटी तिरकी रेघ आली, तर ते फलन मूलतः ते अवतरणचिन्ह दुप्पट करीत नाही आणि फाइल प्रचलित नियमापासून ढळते. पीएचपी ७.४ पासून सुटकाचिन्हाच्या जागी रिकामे मूल्य देऊन हे वर्तन बंद करता येते.

सर्व नोंदी आधी स्मृतीत गोळा करून नंतर लिहिण्याऐवजी एकेक नोंद वाचून लगेच लिहिणे श्रेयस्कर. काहीशे नोंदींना फरक पडत नाही, परंतु अनेक वर्षांच्या ग्रंथालयीन देवघेवीची निर्यात स्मृतिमर्यादेमुळे मध्येच तुटू शकते. अशी अर्धवट फाइल दिसावयास पूर्णच दिसते, हा त्यातील मोठा धोका होय. अखेरच्या नोंदीनंतर आज्ञावली तेथेच थांबवावी, म्हणजे पानाचा तळभाग फाइलच्या शेवटी जोडला जाणार नाही.

५. मराठी मजकुराचा प्रश्न

इंग्रजी नोंदी सुखरूप पोहोचतात आणि मराठी नोंदी बिघडतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू भाषकांचीही मोठी वस्ती आहे. ग्रंथालयाच्या यादीत या भाषांतील ग्रंथनामे मूळ लिपीत ठेवावयाची असतील, तर एकाच फाइलमध्ये चार लिप्या सुरक्षित राहिल्या पाहिजेत. हे केवळ युनिकोडमुळेच शक्य होते.

युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला स्वतंत्र क्रमांक असतो आणि यूटीएफ-८ ही तो क्रमांक बाइटांत लिहिण्याची पद्धत आहे. देवनागरीचा प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो. ‘सोलापूर’ या शब्दात चार व्यंजने व तीन स्वरचिन्हे मिळून सात वर्ण आहेत, म्हणजे हा शब्द एकवीस बाइटांचा होतो. वाचणाऱ्या प्रणालीने प्रत्येक बाइट हे एक रोमन अक्षर मानले, तर सात वर्णांच्या जागी एकवीस निरर्थक खुणा उमटतात.

बिघाडाचे तीन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण त्यांचे उपाय भिन्न आहेत.

अ) फाइलमध्ये प्रश्नचिन्हांची रांग दिसणे. येथे डेटाबेस व पीएचपी यांच्यातील जोडणीचा अक्षरसंच मराठी वर्ण सामावू शकलेला नाही. मूळ वर्णाच्या जागी प्रश्नचिन्ह बसल्यामुळे त्या फाइलमधून मूळ नाव परत मिळत नाही. जोडणी दुरुस्त करून निर्यात पुन्हा करावी लागते. मायएसक्यूएलचा मूलनियोजित अक्षरसंच २०१८ मधील ८.० या आवृत्तीपर्यंत ‘लॅटिन१’ होता, त्यामुळे जुन्या प्रणालींत हा दोष विशेष आढळतो.

आ) स्वराघातचिन्हे असलेल्या रोमन अक्षरांची गर्दी दिसणे. येथे फाइल बहुधा निर्दोष असते, ती उघडणारी प्रणाली चुकीच्या पद्धतीने वाचत असते. एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकने उघडलेल्या फाइलबाबत हे नेहमी घडते. फाइलच्या आरंभी ‘बाइट ऑर्डर मार्क’ ही तीन बाइटांची खूण लिहिल्यास एक्सेल ती यूटीएफ-८ म्हणून ओळखतो. मात्र ही खूण काही प्रणाली पहिल्या स्तंभाच्या नावाचा भाग समजतात, म्हणून फाइल कोणाकडे जाणार आहे ते पाहून ती घालावी अथवा वगळावी. तोच बिघाड सर्व प्रणालींत दिसत असेल, तर मजकूर डेटाबेसमध्येच चुकीच्या जोडणीतून साठविला गेला असण्याची शक्यता तपासावी.

इ) सुसंगत वाटणारी पण निरर्थक रोमन अक्षरे दिसणे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींतील जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, परंतु साठविला जातो तो रोमन वर्णांच्या संकेतांत. फॉन्ट दूर होताच मराठीपण संपते, आणि सीएसव्ही फाइल फॉन्ट वाहून नेत नाही. येथे निर्यातीत कोणताही दोष नसतो. त्या फॉन्टनुसार योग्य परिवर्तक वापरून मजकूर प्रथम युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरे व रफार माणसाने डोळ्यांखालून घालावेत. महाराष्ट्रातील कार्यालयांचे अनेक वर्षांचे टंकलेखन या स्वरूपात असल्याने हा केवळ तांत्रिक प्रश्न न राहता अभिलेख जतनाचा प्रश्न बनतो.

युनिकोड वापरूनही एक सूक्ष्म अडचण उरते. ‘कऱ्हाड’मधील अर्धा र दोन वेगळ्या वर्णक्रमांनी लिहिता येतो. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला, त्यापूर्वी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले जाई. डोळ्यांना एकसारखे दिसणारे असे दोन शब्द संगणकाला भिन्न वाटतात. म्हणून दोन फाइलींतील विद्यार्थी नावावरून न जुळविता नोंदणी क्रमांकावरून जुळवावेत.

६. क्रमांक, दिनांक आणि रिक्त मूल्ये

नोंदणी क्रमांकावर भिस्त ठेवावयाची, तर तो क्रमांकही शाबूत राहिला पाहिजे. एक्सेल एखाद्या संख्येचे १५ सार्थ अंकच जतन करतो. मुंबई विद्यापीठासारख्या विद्यापीठांचा कायम नोंदणी क्रमांक १६ अंकी असतो. काही बँकांचे खाते क्रमांकही १६ अंकी आहेत. असा क्रमांक एक्सेलने संख्या म्हणून वाचला, की त्याचा सोळावा अंक शून्य होतो. याचा परिणाम असा की, शेवटचा अंक वगळता समान असलेले दहा विद्यार्थ्यांचे क्रमांक एकच होऊन जातात. फाइल जतन करून पुढे पाठविली, की मूळ अंक त्या फाइलमधून कायमचा नाहीसा होतो. शिष्यवृत्तीच्या यादीत असे घडले, तर पात्र विद्यार्थ्याची रक्कम अडते आणि त्याचे कारण कोणालाही सहज उमगत नाही.

बारा अंकी आधार क्रमांक घातांकी रूपात दिसू लागतो आणि त्याच रूपात सीएसव्ही म्हणून जतन झाल्यास त्याचेही अंक गळतात. आरंभीचे शून्य तर हमखास जाते. ‘००४७’ हा हजेरी क्रमांक ४७ होतो आणि सोलापूरचा ‘०२१७’ हा दूरध्वनी संकेतांक २१७ होतो.

ध्यानात घेण्याची बाब ही की, पीएचपीने लिहिलेल्या फाइलमध्ये हे सर्व अंक बरोबर असतात. बिघाड होतो तो फाइल दुहेरी क्लिकने उघडून पुन्हा जतन केल्यावर. म्हणून एक्सेलमध्ये ‘डेटा’ या विभागातून मजकूर-फाइल आयात करावी आणि क्रमांकांचे स्तंभ ‘टेक्स्ट’ प्रकारचे ठरवावेत. लिबरऑफिस कॅल्कमध्ये फाइल उघडतानाच ही विचारणा होते. केवळ तपासणीसाठी फाइल पाहावयाची असेल, तर ती जतन न करता बंद करावी.

दिनांकाबाबत ‘०३-०४-२००५’ हा तीन एप्रिल की चार मार्च, हे फाइल सांगत नाही. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ‘२००५-०४-०३’ असे लिहिल्यास संदिग्धता राहत नाही.

यापेक्षाही गंभीर बाब रिक्त मूल्यांची आहे. डेटाबेसमध्ये ‘मूल्य नाही’ आणि ‘रिकामा मजकूर’ या दोन भिन्न अवस्था असतात. सीएसव्हीमध्ये दोन्हींचे रूप दोन स्वल्पविरामांमधील मोकळी जागा हेच होते. गुणांच्या स्तंभात ही मोकळी जागा अनुपस्थितीमुळे आहे की गुण अद्याप भरावयाचे आहेत, हे कळत नाही. घेणाऱ्या प्रणालीने तिचे शून्य केले, तर परीक्षेला न बसलेला विद्यार्थी शून्य गुण मिळवून अनुत्तीर्ण ठरतो आणि वर्गाची सरासरीही खाली येते. यास्तव उपस्थितीचा स्वतंत्र स्तंभ ठेवावा आणि प्रत्येक स्तंभाचा अर्थ सांगणारे एक पानी टिपण फाइलसोबत द्यावे.

७. सुरक्षितता व गोपनीयता

विद्यार्थ्यांच्या फाइलमध्ये जात, उत्पन्न, आधार व बँक खाते अशी संवेदनशील माहिती असते. अशी फाइल सर्व्हरच्या सार्वजनिक भागात तयार करून तिचा दुवा देण्याची पद्धत टाळावी. फाइल तेथेच पडून राहते आणि शोधयंत्रांच्याही हाती लागू शकते. वर सांगितल्याप्रमाणे ती थेट प्रवाहात लिहिल्यास सर्व्हरवर प्रत उरत नाही. पीएचपीमायॲडमिनसारख्या साधनातही निर्यातीची सोय आहे, परंतु त्यासाठी कर्मचाऱ्यास डेटाबेसची किल्लीच सोपवावी लागते. ठरावीक स्तंभच देणारे छोटे निर्यातपान त्यापेक्षा सुरक्षित ठरते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे या दक्षतेला कायद्याचेही अधिष्ठान लाभले आहे.

आणखी एक धोका कमी परिचित आहे. बरोबर, अधिक, वजा किंवा ‘ॲट’ या चिन्हाने सुरू होणारे मूल्य एक्सेल सूत्र मानतो. अर्जात कोणी हेतुपुरस्सर असे सूत्र भरले, तर ते फाइल उघडणाऱ्या कार्यालयाच्या संगणकावर चालू शकते. मजकुराच्या स्तंभांत अशा मूल्यापूर्वी एकेरी अवतरणचिन्ह घालण्याचा उपाय प्रचलित आहे. ऋण संख्यांच्या स्तंभांना मात्र तो लावू नये.

८. पडताळणी

फाइल पाठविण्यापूर्वी पुढील तपासण्या कराव्यात.

१) डेटाबेसमधील नोंदींची संख्या आणि फाइल पुन्हा वाचून मिळालेली संख्या समान असावी. ही मोजणी ओळींची नसून नोंदींची असावी.
२) प्रत्येक नोंदीत स्तंभांची संख्या समान असावी.
३) नोंदणी क्रमांक एकमेव असावेत. त्यांची पुनरुक्ती आढळल्यास अंक गळल्याचा संशय घ्यावा.
४) गुण किंवा शुल्क यांसारख्या स्तंभाची बेरीज डेटाबेसमधील बेरजेशी जुळावी.
५) जोडाक्षरे, अवतरणचिन्हे व बहुओळी पत्ते असलेल्या काही निवडक नोंदी मूळ अर्जाशी ताडून पाहाव्यात.

९. निष्कर्ष

१) सीएसव्ही निर्यातीची पीएचपी आज्ञावली लहान असली, तरी तिची अचूकता जोडणीचा अक्षरसंच, स्तंभांची निवड आणि तयार फलनाचा योग्य वापर यांवर अवलंबून असते.
२) मराठी मजकुराच्या बिघाडाचे मूळ साठवण, जोडणी किंवा वाचन यांपैकी एका टप्प्यात असते. टप्पा ओळखल्याखेरीज केलेला उपाय व्यर्थ ठरतो.
३) क्रमांकांची हानी बहुतांशी निर्यातीत होत नाही. ती फाइल उघडून पुन्हा जतन करण्यात होते. म्हणून कार्यालयीन कर्मचाऱ्यांना आयातीची योग्य पद्धत शिकविणे हे आज्ञावली लिहिण्याइतकेच महत्त्वाचे आहे.
४) महाविद्यालयाने निर्यातीची मूळ, अस्पर्शित प्रत तारीख घालून स्वतंत्रपणे जतन करावी आणि काम नेहमी तिच्या दुसऱ्या प्रतीवर करावे.

फाइलमधील प्रत्येक ओळीमागे एक विद्यार्थी असतो. त्याचे नाव त्याने लिहिले तसे आणि त्याचा क्रमांक त्याला दिला गेला तसा पलीकडे पोहोचविणे ही त्या फाइलवर स्वाक्षरी करणाऱ्या प्राध्यापकाचीही जबाबदारी ठरते.